क्रुसावरील ख्रिस्तमूर्ती

क्रुसावरील ख्रिस्तमूर्ती म्हणजे येशू ख्रिस्ताची खिळलेली आकृती असलेला क्रूस. ख्रिस्ती उपासनेतील, विशेषतः रोमन कॅथलिक परंपरेतील, हे एक प्रमुख भक्तिचिन्ह आहे. त्याचे ‘क्रुसिफिक्स’ हे इंग्रजी नाव ‘क्रुसाला खिळलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. आकृती नसलेल्या चिन्हास नुसता क्रूस म्हणतात.

संज्ञा

मराठीत या चिन्हासाठी दोन शब्द रूढ आहेत. ‘क्रूस’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. कोकणीत त्याचे ‘खुरीस’ झाले. प्रॉटेस्टंट परंपरेतील मराठी बायबलमध्ये ‘वधस्तंभ’ हा शब्द प्रचलित आहे. पहिला शब्द चिन्हाचे नाव सांगतो, तर दुसरा त्याचा मूळ उपयोग. रोमन साम्राज्यात गुलाम व बंडखोर यांना अशा स्तंभावर खिळून ठार मारीत. मूर्तीच्या शिरोभागी असलेल्या फलकावरील ‘आय. एन. आर. आय.’ ही अक्षरे ‘नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा’ या लॅटिन वाक्याची आद्याक्षरे होत.

इतिहास

क्रुसावरील मरण लाजिरवाणे मानले जात असल्याने आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी मासा, नांगर व मेंढपाळ ही चिन्हे अधिक वापरली. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिल्यानंतर क्रूस उघडपणे मिरवला जाऊ लागला. रोममधील सान्ता साबिना चर्चच्या लाकडी दारावरील पाचव्या शतकातील कोरीवकाम हे या प्रसंगाच्या सर्वांत जुन्या चित्रणांपैकी एक आहे.

प्रारंभीच्या आकृतींत ख्रिस्ताचे डोळे उघडे असत. तो मृत्यूवर विजय मिळवणारा राजा म्हणून दिसे. पुढे मिटलेले डोळे, झुकलेली मान व काट्यांचा मुकुट ही लक्षणे रूढ झाली. जर्मनीतील कोलोन येथील दहाव्या शतकातील मोठी काष्ठमूर्ती या बदलाचे प्रसिद्ध उदाहरण होय. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत लूथरच्या अनुयायांनी मूर्ती ठेवली. कॅल्व्हिनच्या अनुयायांनी ती मूर्तिपूजेकडे नेणारी मानून नाकारली.

गोवा आणि महाराष्ट्र

भारतातील प्राचीन क्रूस आकृतिविरहित आहेत. चेन्नईजवळील सेंट थॉमस माउंट आणि केरळातील कोट्टयम येथील क्रुसांवर पहलवी लेख आहेत. पश्चिम किनाऱ्यावर मूर्तीसह क्रुसाची प्रथा पोर्तुगीजांनी रुजवली. गोव्यातील कारागिरांनी घडवलेल्या हस्तिदंती ख्रिस्तमूर्ती युरोपातही पोहोचल्या. जुने गोवे येथील सान्ता मोनिका मठातील मूर्तीने 1636 मध्ये डोळे उघडले, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

मूर्तीने जे दाखवले, ते मराठीत शब्दांनी सांगण्याचे कार्य फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने केले. 1616 मध्ये राचोल येथे छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताचे चरित्र व त्याच्या यातना वर्णिल्या आहेत.

वसई, साष्टी व मुंबईच्या गावठाणांत वाटेच्या कडेला वा चौकात दगडी क्रूस आढळतात. त्यांपैकी पुष्कळांवर मूर्ती नसते. त्याऐवजी शिडी, हातोडा, खिळे, कोंबडा अशी यातनाचिन्हे कोरण्याचीही प्रथा होती. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारातील उंच दगडी क्रूस हे याचे उत्तम उदाहरण. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाल्यावर साथीपासून रक्षण व्हावे म्हणून गावठाणांतून अनेक क्रूस उभारले गेले.

उपासनेतील स्थान

कॅथलिक मिस्साविधीच्या वेळी वेदीवर किंवा तिच्याजवळ मूर्तीसह क्रूस असणे आवश्यक मानले जाते. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत भाविक चौदा टप्प्यांची ‘क्रुसाची वाट’ ही प्रार्थना करतात. गुड फ्रायडेला झाकलेला क्रूस उघडून त्याचे चुंबन घेण्याचा विधी होतो. घरातील देव्हारा, जपमाळेचे टोक व मरणासन्न माणसाची उशाकडची जागा येथेही ही मूर्ती असते. मे महिन्यात गोव्यातील वाटेवरच्या क्रुसांपाशी शेजारी जमून ‘लदीन’ ही प्रार्थना गातात.

अर्थ आणि मतभेद

रिकामा क्रूस ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची आठवण देतो, असे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मानतात. कॅथलिक दृष्टीने मूर्ती ही स्वतः पूज्य वस्तू नसून, तिला दिलेला मान ती ज्याची आहे त्या ख्रिस्ताला पोहोचतो. देवाने मानवी दुःखात प्रत्यक्ष भाग घेतला, हे ती सांगते. दोन्ही परंपरांत मरण व पुनरुत्थान यांवरील श्रद्धा समानच आहे; भर मात्र वेगळा आहे.

सद्यःस्थिती

रस्तारुंदी व बांधकामांमुळे मुंबई परिसरातील वाटेवरचे क्रूस हटवले जाण्यावरून वाद झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सार्वजनिक जागेवरील अनधिकृत प्रार्थनास्थळांविषयी आदेश दिल्यापासून एखादा क्रूस किती जुना आहे, हे सिद्ध करण्याला महत्त्व आले. पायथ्याशी कोरलेले साल वा जुना नकाशा हाच अनेकदा पुरावा असतो. त्यामुळे जुन्या क्रुसांची छायाचित्रे व शिलालेख यांची नोंद करणे हे स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने निकडीचे काम ठरते.