भाट्याच्या खाऱ्या वाऱ्यात मुस्तफा

१९९६ सालचा मे महिना आहे आणि तुम्ही अकरा वर्षांचे आहात. मुठीतलं रुपयाचं नाणं घामानं ओलं झालंय. मुंबईहून आलेल्या आतेभावाला पूल दाखवून आणतो, असं सांगून तुम्ही घरातून सटकलात. सुरूच्या बनातून रस्त्यावर येता, भाट्याच्या पुलावर चढता. खाली काजळी नदी समुद्राला मिळतेय, डावीकडे लांबवर रत्नदुर्गाचं दीपगृह. आतेभावाला तिथं थांबून बघायचंय. तुम्ही त्याचं मनगट धरून ओढता, कारण उशीर झाला तर पिवळी टोपी दुसरा कुणीतरी घेईल.

रत्नागिरी शहरातल्या एका बोळात व्हिडिओ गेमचा पत्र्याचा गाळा आहे, दाराला जाड पडदा. आत शिरल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही. मग उजेडाचे तीन चौकोन दिसायला लागतात आणि प्रत्येकासमोर पोरांचा घोळका.

"काका, मुस्तफा चालू आहे ना?"

"चालू आहे. हँडल उपटू नका रे."

गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. मार्क शुल्ट्झच्या चित्रकथेवरून कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ मध्ये काढला. पण इथं ते नाव कुणी घेत नाही. पिवळी टोपी घातलेला, सगळ्यांत चपळ गडी मुस्तफा, म्हणून गेमही मुस्तफा. तीन जणांना एकाच वेळी खेळता येतं, हे त्याचं मोठं वैभव. एक हँडल तुमच्याकडे, दुसरं आतेभावाकडे, तिसऱ्यावर एक अनोळखी पोरगा. त्याचं नाव तुम्ही विचारत नाही, तोही सांगत नाही.

गोष्ट २५१३ सालातली. शहरं पाण्याखाली गेलीत, डायनोसॉर परत आलेत आणि गुंड त्यांची शिकार करतायत. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही, पण कुणाला मारायचं हे कळायला इंग्रजी लागत नाही. चारी बाजूंनी घेरलं की फाइट आणि जंप ही दोन्ही बटणं एकदम दाबायची. मुस्तफा गरकन फिरतो, सगळे उडून पडतात, पण स्वतःचीही थोडी लाइफ जाते. पिंप फुटतं, आतून खाणं निघतं. तुम्ही त्याच्यावर झेप घेणार तेवढ्यात अनोळखी पोरगा म्हणतो, "त्याला घेऊ दे, त्याची कमी आहे." आतेभावाची पट्टी खरंच संपत आलीय. तुम्ही हँडल मागे ओढता. तिसऱ्या स्टेजला कॅडिलॅक गाडी चालवायला मिळते, पण तिथवर तुमचा रुपया टिकत नाही.

आता वर्षं भराभर पुढे सरकवा. २६ जानेवारी १९९८ ला अख्खी कोकण रेल्वे सुरू होते. घरात कॅसेटवाले टीव्ही गेम येतात, मग सायबर कॅफे, मग मोबाइल. गाळा बंद पडतो. मुस्तफाची पेटी एका टेम्पोतून पुलाच्या अलीकडे, भाट्यात येते आणि कुणाच्या तरी मांगरात नारळाच्या ढिगाशेजारी उभी राहते. इथं वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बाराही महिने समुद्राचं मीठ हवेत असतं. सनमायका सुटतो, प्लायवुड फुगतं.

आज ती पेटी तुमच्या पडवीत आहे. मागचं दार उघडायची घाई करू नका. आधी प्लग काढा. पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर २०,००० व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो साठून राहू शकतो. ट्यूबचं काम जुन्या टीव्ही मेकॅनिकलाच द्या. तो येतो, चष्मा कपाळावर चढवतो, टॉर्च मारतो. "ट्यूब चांगली आहे हो. कंडेन्सर सुकलेत आणि एलओटीला, म्हणजे ट्यूबला दाब देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला, ड्राय सोल्डर आहे."

कुणीतरी सांगेल की ट्यूब काढा, एलसीडी बसवा, आत छोटा कॉम्प्युटर ठेवा, काम झालं. माझ्या मते तसं केलंत तर उरतो तो फक्त लाकडी खोका. हा गेम ३८४ बाय २२४ ठिपक्यांत काढलेला आहे आणि ट्यूबच्या रेघा धरूनच त्याचे रंग जमवलेत. सपाट पडद्यावर त्याच ठिपक्यांचे चौकोन होतात किंवा ते फिसकटतात.

गेमचा बोर्ड मात्र तुम्ही स्वतः हातात घ्या. कडेला सोनेरी पट्ट्या आहेत, एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८. ही जामा नावाची जोडणी १९८५ मध्ये जपानी उत्पादकांनी ठरवली, म्हणून एका पेटीत जामाचा कुठलाही बोर्ड बसतो. पट्ट्यांवर हिरवट थर चढलाय. साधा मऊ खोडरबर घ्या, हलक्या हातानं एकाच दिशेनं घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. पट्ट्या एकेक करून उजळतात. हे काम सावकाश करा, सगळ्या दुरुस्तीत एवढं सुख दुसऱ्या कशात नाही. जामातून दोघांच्याच तारा जातात, तिसऱ्या हँडलची जोडणी वेगळी असते. ती तुटली असेल तर आधी तीच जोडा.

चित्र आलं, पण आवाज नाही? अस्सल बोर्ड असेल तर आवाजाच्या भागात बॅटरी असते. ती संपली की चिपमधली सांकेतिक किल्ली पुसली जाते. बोर्ड मेला असं समजू नका, कारण परदेशातल्या हौशी लोकांनी ती किल्ली पुन्हा भरायची रीत शोधून काढलीय. आपल्याकडच्या गेम पार्लरांत नकली बोर्डही पुष्कळ होते. तसा निघाला तरी टाकू नका. तुमच्या कानात बसलेला आवाज कदाचित त्याचाच आहे.

आता रुपया टाका. आजचा रुपया बसणार नाही. २०११ पासूनचं नाणं जेमतेम २२ मिलिमीटरचं आहे, आणि तुमच्या पेटीची फट १९९२ च्या, २५ मिलिमीटरच्या स्टीलच्या रुपयासाठी कापलेली आहे. देव्हाऱ्याखालच्या डब्यात शोधा, मिळेल. नाणं खडखडत खाली जातं, ट्यूब गुणगुणते, अंगावरचे केस काचेकडे ओढले जातात. पिवळी टोपी तुमची. या वेळी तिसरी स्टेज गाठता. डायनोसॉरांच्या जगात गाडी सुटते आणि पडवीतली पोरं ओरडतात, "मला पण घ्या!"

तुमच्या गावात, एखाद्या बंद गाळ्यात किंवा गोठ्याच्या माळ्यावर अशी पेटी पडून असेल तर ती भंगारात घालू नका आणि ट्यूब तर मुळीच फोडू नका, रंगीत ट्यूबच्या काचेत शिसं असतं. आता तशा नव्या ट्यूब मिळत नाहीत आणि त्या दुरुस्त करणारी माणसं म्हातारी होत चाललीत. तुमच्या ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकला या आठवड्यातच फोन करा.