‘नुसतं बोलण्याचे कोण पैसे देतं?’

बारावीनंतर मुलीने मानसशास्त्र घ्यायचे म्हटले की घरातून ठरलेले उत्तर येते: ‘एम.बी.बी.एस. करून सायकिअ‍ॅट्रिस्ट होणार असशील तर हो. नाहीतर नुसतं बोलण्याचे कोण पैसे देतं?’ हे मत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कुणाला वाटत नाही. ती गरज मला वाटते. म्हणून आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

त्याचे तीन मुद्दे आहेत. एक, मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात मिळकत औषध लिहून देणाऱ्यालाच. दोन, समुपदेशन हे कुणाही समजूतदार माणसाला जमणारे काम, म्हणून त्याला मोल नाही. तीन, सरकारी जागा मोजक्या आणि त्याही कंत्राटी. यात अनुभवाचा अंश आहे, तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. नुसत्या एम.ए.वर शाळेत लागलेल्या अनेक समुपदेशकांच्या हाती त्याच शाळेतल्या कायम शिक्षकाच्या पगाराचा लहानसा भाग पडतो. खासगी व्यवसाय बसायला वर्षे जातात. मोठ्या शहरात जम बसलेला मानसोपचारतज्ज्ञ इतरांपेक्षा पुष्कळ अधिक कमावतो, हेही खरे. तरीही यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिला मुद्दा घेऊ. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मानसोपचारतज्ज्ञाबरोबरच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि मानसिक आरोग्य परिचारिका यांचीही स्वतंत्र व्याख्या करतो. 2021 च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात तर वर्तन-आरोग्याचा वेगळा वर्गच आहे. त्यात मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ते, एचआयव्ही समुपदेशक अशी बरीच नावे येतात. आता वेतनश्रेणीतल्या पदांचे वेतन पाहा. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्राच्या रुग्णालयातील सीनियर रेसिडेंटचे मूळ वेतन 67,700 रुपयांपासून सुरू होते, विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाचे 57,700 पासून आणि केंद्राच्या नर्सिंग ऑफिसरचे 44,900 पासून. म्हणजे मनोविकारशास्त्रात एम.डी. झालेला डॉक्टर, मानसशास्त्र शिकवणारा प्राध्यापक आणि मनोविकार विभागातली परिचारिका यांच्या आरंभीच्या वेतनात अंतर आहे, दरी नाही. दरी आहे ती नियमित पद आणि कंत्राटी पद यांच्यात. तिचा दोष विषयाच्या माथी मारणे योग्य नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक खोलवर रुजलेला आहे आणि माझ्या मते अधिक घातक आहे. ‘बोलणे’ हा उपचार आहे का, याचे मोजून दिलेले उत्तर गोव्यात मिळाले. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सेवेला समुपदेशनाच्या मोजक्या, आखीव बैठकांची जोड मिळालेल्या गटात तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत 39 टक्के. यावर पूर्वपक्ष म्हणेल की तिथले समुपदेशक तर व्यावसायिक नव्हते, म्हणजे हे काम कुणालाही जमते. हा आक्षेप वरवरचा आहे. त्या समुपदेशकांची निवड करून त्यांना शिकवले होते, उपचाराची पद्धत लिहून दिली होती आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख होती. पद्धत बांधणे, शिकवणे, देखरेख करणे ही जाणत्यांची कामे आहेत. गोव्याच्या प्रयोगाने या व्यवसायाला खालून नव्या पायऱ्या जोडल्या आणि वरच्या पायऱ्यांची गरज वाढवली. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने हीच गोष्ट वेगळ्या वाटेने दाखवली: तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसे प्रशिक्षण घेऊन समुपदेशक म्हणून उभी राहिली. त्यांचा भोगलेला अनुभव मोलाचा होताच, पण त्याला शिक्षणाची जोड लागली.

म्हणूनच पालकांनी पगाराच्या आधी नोंदणीबद्दल विचारावे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. ज्या अभ्यासक्रमाने ती नोंदणी मिळते, तोच त्या पदाकडे नेतो. महिन्याभराचे ऑनलाइन प्रमाणपत्र नेत नाही. ‘मागणी अफाट आहे, पैसा आपोआप येईल’ असे सांगून अशी प्रमाणपत्रे विकणारे पूर्वपक्षाइतकेच दिशाभूल करतात.

कारण मागणीचे आपोआप वेतन होत नाही. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर इथे आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि बहुतेक विकारांत 70 टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांविना होते. गरज एवढी आणि पगार तुटपुंजा, हे कोडे सुटते ते पदांपाशी. गरजू माणूस बहुधा फी देऊ शकत नाही. त्याच्या वतीने सरकारने, शाळेने, विमा कंपनीने पैसे द्यायचे असतात. हे कायद्याला मान्य आहे. 2017 च्या कायद्याचे कलम 31 सांगते की लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय निकषांइतकी संख्या दहा वर्षांत गाठण्यासाठी सरकारने प्रयत्न करावेत. कायदा 29 मे 2018 ला लागू झाला; मुदत मे 2028 ला संपते. विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवा, असे कलम 21 म्हणते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्यास सांगितले. 14416 या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचे समुपदेशक 2022 पासून लोकांचे फोन घेत आहेत.

तेव्हा सिद्धान्त असा: या क्षेत्रातला कमी पगार हा कामाचा गुणधर्म नाही, तो पदे न भरण्याचा आणि कौशल्याला कौशल्य न मानण्याचा परिणाम आहे. कंत्राटी समुपदेशकाला मिळणाऱ्या रकमेला आपण ‘मानधन’ म्हणतो. एखादे व्याख्यान देणाऱ्या पाहुण्याला तो शब्द शोभतो. रोज पाच-सहा माणसांचे दुःख ऐकून घेऊन त्यांना पद्धतशीरपणे सावरणाऱ्याला वेतन मिळाले पाहिजे, वेतनश्रेणी आणि रजेसकट. ‘कोण पैसे देतं?’ हा प्रश्न रास्तच आहे. तो बारावीतल्या मुलीला विचारू नका. तिला शिकू द्या, आणि ज्यांनी पैसे द्यायचे असे कायदा सांगतो त्यांना मे 2028 च्या आत तो विचारा.