हात धुवायला शिकवणारं नाटक: शाळेत त्याचा खरंच उपयोग होतो का?

‘जेवणाआधी काय करायचं?’ असं विचारलं की पहिलीचा वर्गही एका सुरात ‘हात धुवायचे!’ म्हणतो. पण जेवणाची सुट्टी झाली की बरीच मुलं धावत येतात आणि थेट घास उचलतात. उत्तर पाठ असतं, सवय नसते. ती सवय लावण्यासाठी अनेक ठिकाणी छोट्या नाटकांचा वापर होतो. त्याचा उपयोग कधी होतो आणि कधी नाही, ते पाहू.

हात धुणं एवढं महत्त्वाचं का?

शौचानंतर हातावर राहिलेले जंतू अन्नाबरोबर पोटात जातात. जुलाबाचे अनेक आजार याच वाटेने पसरतात. पाळणाघरं आणि शाळांमधल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा दिसलं, की हात धुण्याची सवय लावल्यावर मुलांमधलं जुलाबाचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी घटतं. नुसतं पाणी मात्र पुरत नाही. हातावरच्या तेलकट थराला जंतू चिकटलेले असतात. साबण तो थर सोडवतो आणि चोळल्याने सुटलेले जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणूनच किमान २० सेकंद हात चोळायला सांगतात.

मग त्यासाठी नाटक कशाला?

जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. हात स्वच्छ दिसत असताना ते का धुवायचे, हे मुलांना पटत नाही. नाटकात ते दाखवता येतं. एका पात्राच्या हाताला गुलाल लावायचा. तो मित्राशी हात मिळवतो, पाण्याचा पेला उचलतो, पोळी मोडतो. थोड्याच वेळात गुलाल सगळ्यांच्या हातांवर आणि पोळीवरही दिसतो. मग ‘जंतू पसरतात’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं कारण म्हणजे किळस. घाण वस्तूपासून हात मागे घेणं ही माणसाची जुनी प्रतिक्रिया आहे, आणि आजाराच्या भीतीपेक्षा ती चटकन जागी होते. तिसरं, नाटक सगळे मिळून पाहतात. ‘आपल्याकडे सगळेच हात धुतात’ अशी भावना तयार झाली की एकेकट्याला समजावत बसावं लागत नाही.

आंध्र प्रदेशात काय दिसलं?

चित्तूर जिल्ह्यातल्या गावांमध्ये ‘सुपरअम्मा’ नावाची मोहीम राबवली गेली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेत आणि गावात छोटी नाटकं, एक अ‍ॅनिमेशनपट आणि सर्वांसमोर घेतलेली शपथ असं तिचं स्वरूप होतं. नाटकातला लड्डू लिंगम हा ओंगळ माणूस चिखल आणि किडे घालून लाडू वळतो आणि कधीच हात धुत नाही. दुसरीकडे सुपरअम्मा ही मुलाला चांगलं वळण लावणारी आई. आजारांची यादी आणि जंतूंची नावं मुद्दाम बाजूला ठेवली होती.

मोहीम ७ गावांत झाली आणि आणखी ७ गावं तुलनेसाठी होती. लोकांना तोंडी विचारलं नाही, तर घरोघरी बसून पाहिलं. सुरुवातीला गरजेच्या वेळी साबणाने हात धुण्याचं प्रमाण दोन्हीकडे १ ते २ टक्के होतं. सहा महिन्यांनी मोहिमेच्या गावांत ते ३७ टक्के झालं, तर तुलनेच्या गावांत ६ टक्के. हे श्रेय एकट्या नाटकाचं नाही, पूर्ण मोहिमेचं आहे. आणि ३७ टक्के म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा हात तसेच राहिले, हेही खरं.

नाटक कुठे फसतं?

२००८ पासून १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन साजरा होतो. त्या दिवशी नाटक होतं, फोटो निघतात. पण दुसऱ्या दिवशी नळाला पाणी नसेल किंवा साबण कपाटात कुलूपबंद असेल, तर मुलं जे शिकली ते तिथेच थांबतं.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ‘घाणेरडं’ पात्र फाटक्या कपड्यांचं किंवा एखाद्या विशिष्ट बोलीचं दाखवलं, तर वर्गातल्याच एखाद्या मुलाला ते चिकटतं. ज्याच्या घरी पाण्यासाठी रांग लावावी लागते, त्याची टिंगल होते. हसू कृतीवर यावं, माणसावर नाही.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत त्यांना बोलतं करायचे. आधी झाडू, मग कीर्तन.

शाळेत करायचं असेल तर

- आधी पाणी आणि साबणाची सोय करा. साबण पुरत नसेल तर बाटलीत साबणाचं पाणी करून ठेवा.
- नाटक १०–१५ मिनिटांचं ठेवा आणि पोषण आहाराच्या सुट्टीआधी करा. संपलं की सगळे थेट नळावर.
- ओंगळ पात्र शिक्षकांनी करावं, मुलांवर ते नाव पडू नये.
- मुलांना संवाद स्वतः रचू द्या.
- नंतर रोज हात धुण्याची रांग लावा. महिन्याभराने नाटक नव्हे, साबण किती संपला ते बघा.