सावित्रीचं पाणी आणि सागाचं कपाट

महाडच्या जुन्या घरांत सामान कुठे ठेवायचं हे पुरानं ठरवलं. सावित्री आणि गांधारी या नद्या इथे एकत्र येतात, खालून बाणकोटच्या खाडीची भरती चढते. म्हणून घराला भक्कम माळा हवाच. माझे वडील सुतारकाम आणि पॉलिश करायचे. चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची आणि मलमलीच्या बोळ्यानं सागावर थरावर थर चढवत राहायचं. पुढे औद्योगिक वसाहत आली, महामार्गावर लॉज उभे राहिले आणि गिऱ्हाईक भुशाच्या बोर्डाकडे, सनमायकाकडे वळलं. झटपट काम.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि ते पाणी सावित्रीतून आमच्या बाजारपेठेत शिरलं. ओसरल्यावर पाहिलं, तर बोर्डाची कपाटं पावासारखी फुगून फुटली होती. आजोबांचं सागाचं कपाट चिखलात आडवं पडलेलं. पॉलिश पांढरं झालेलं, पण एकही सांधा हललेला नव्हता. सागात मुळातच तेल असतं.

ते कपाट स्वच्छ पाण्यानं धुतलं, खण काढून सावलीत तीन आठवडे वाळवलं. उन्हात ठेवलं असतं तर तडकलं असतं. मग स्पिरिटचा ओलसर बोळा फिरवला. लाख स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते, त्यामुळे अडकलेला दमटपणा निघून गेला आणि तांबूस रंग परत आला. वडिलांचाच थर होता तो.

पुरात भिजलेलं सागाचं सामान भंगारात देण्याआधी महिनाभर थांबा.