हिंगण्याच्या मावश्या

आमच्या साताऱ्याच्या घरी मावश्या दोन प्रकारच्या. एक आईच्या बहिणी, दुसऱ्या हिंगण्याच्या. आईच्या बहिणी लग्नकार्याला यायच्या, त्यांचा मानपान व्हायचा, निघताना ओटी भरली जायची. हिंगण्याच्या मावश्या मात्र एक वळकटी आणि एक कापडी पिशवी घेऊन कधीही उगवायच्या. आल्या की पदर खोचून सरळ स्वयंपाकघरात. मिरजेच्या मावशी, बडोद्याच्या मावशी, हुबळीच्या मावशी. ज्या गावात नोकरी, त्या गावाचं नाव. हुबळीच्या मावशींच्या पिशवीत धारवाडी पेढे आणि चटणीपूड असायची, बडोद्याच्या मावशी हिरवा लिलो चिवडा आणायच्या. आम्हां मुलांचं प्रेम अर्थातच त्या पिशव्यांपासून सुरू व्हायचं.

या साऱ्या माझ्या वडिलांच्या आत्याच्या मैत्रिणी. तिला सगळं घर ‘मोठी आत्या’च म्हणायचं. तिचं माहेर, म्हणजे आमचं मूळ गाव, संगमेश्वराच्या अंगाला. लग्न नवव्या वर्षी झालं असं आजोबा सांगायचे, दहाव्या असं त्यांची धाकटी बहीण सांगायची. नवरा तापाने गेला तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असावी. तिला नवऱ्याचा चेहरा आठवत नव्हता. मांडवात त्याच्या हातातला आंब्याचा टाळा मात्र आठवायचा, आणि ते सांगताना ती हसायची. आम्हांला ते हसू लहानपणी साधं वाटायचं.

शेजारच्या देवरुखच्या जोश्यांची कथा आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होती. त्यांच्या घरची गोदूबाई बालविधवा. ती मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेली आणि 1893 साली प्रोफेसर धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं. कर्व्यांच्या गावच्या, मुरुडच्या मंडळींनी त्यांना वाळीत टाकलं. आमच्या पणजोबांनाही तेव्हा तो अधर्मच वाटला होता म्हणे. पण पुढे स्वतःची लेक पांढऱ्या कपाळाने माजघराच्या कोपऱ्यात बसलेली पाहिली आणि त्यांचं मन फिरलं. तोवर गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, पुण्याजवळ हिंगण्याला कर्व्यांच्या विधवांच्या आश्रमात काम करू लागली होती. देवरुखच्या दोन मुली तिथे आहेत, मग आपल्या मुलीला काय भय, असं म्हणून पणजोबांनी आजोबांना आत्याबरोबर धाडलं. आंबा घाटाने कोल्हापूर आणि तिथून आगगाडी. आजोबा म्हणायचे, घाट बैलगाडीने चढलो. आत्या म्हणायची, अर्ध्याहून अधिक घाट मी चालले, गाडीत माझी ट्रंक बसली होती! हा वाद दोघंही गेली तरी मिटला नाही.

कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो 1896 साली. पुण्यात प्लेगचा धुमाकूळ, शिवाय विधवांच्या आश्रमाला वस्तीत शेजार कोण देणार! रावबहादूर गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जागा दिली, तिथे एक झोपडी उभी राहिली आणि 1900 साली आश्रम गावाबाहेर गेला. अण्णा, म्हणजे कर्वे, दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि चिखल तुडवत हिंगण्याला जायचे. आत्या तिथे राहायला गेली तेव्हा झोपडीच्या जागी इमारती होत्या आणि 1916 साली महिलांचं विद्यापीठही सुरू झालेलं होतं. पण झोपडीच्या गोष्टी नव्या मुलींना जुन्या मुली अशा सांगायच्या, की आत्याला आपण त्या झोपडीतच राहिलो असं वाटायचं. आम्हीही तसंच ऐकत मोठे झालो.

आश्रमाविषयी आत्या बोलायला लागली की आधी जेवणाचं बोलायची. भाकऱ्या थापायच्या पाळ्या असत. पिठलं रोजचं, पण देशावरचं, बेसनाचं. कोकणातल्या मुलींना कुळथाच्या पिठल्याची इतकी आठवण यायची की कुणाच्या घरून कुळथाचं पीठ आलं तर ते चिमटी-चिमटीने पुरवायचं. रात्री कंदिलाभोवती अभ्यास. रडू आलं तर विहिरीवर जायचं, कारण तिथे रहाटाच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही. मिरजेच्या मावशींची आणि तिची मैत्री तिथेच झाली. दोघी एकाच वेळी रडायला गेल्या होत्या.

पार्वतीबाई 1918 साली अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं म्हणून तिथे लोकांच्या घरी मोलकरणीची कामं करून राहिल्या, दोनेक वर्षांनी परतल्या आणि पुढे ‘माझी कहाणी’ लिहिली. त्या परत आल्या त्या दिवसाचं वर्णन आत्या रंगवून करायची. त्यातलं तिने पाहिलेलं किती, ऐकलेलं किती, देव जाणे. पण ‘पार्वतीबाईंनी तिकडे भांडी घासली, आपण इकडे फळा पुसायला का लाजायचं?’ हे वाक्य मात्र तिचं स्वतःचं होतं, आणि तिने ते जन्मभर वापरलं.

आत्या विद्यापीठाची गृहीतागमा, म्हणजे जी. ए., झाली. सगळं शिक्षण मराठीतून. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. पण सरकारमान्यता यायला 1951 साल उजाडलं. तोवर जी. ए. झालेल्या मुलींनी पदवीचा कागद घेऊन गावोगाव हिंडायचं. एका गावच्या शाळेत आत्याला, ‘ही पदवी कुठली? आम्हांला ठाऊक नाही,’ असं सांगून दारातूनच परत पाठवलं होतं. शेवटी आपल्याच संस्थेच्या साताऱ्याच्या कन्याशाळेत तिला काम मिळालं आणि ती इथेच रुजली. पगार बेताचा. एकट्या विधवेला खोली द्यायला कुणी तयार नाही. मग आणखी एका हिंगण्याच्या शिक्षिकेबरोबर तिने मंगळवार पेठेत बिऱ्हाड केलं. एक चूल, एक कळशी, दोन चटया.

आश्रमाची खरी गोष्ट मला इथून पुढे सुरू झालेली दिसते. आश्रमातून बाहेर पडलेल्या या बायकांना सासर तुटलेलं, माहेर असलं तरी भावजयीच्या हातात. म्हणून त्यांनी एकमेकींना माहेर केलं. आमच्या गोतावळ्यात कुणालाही मोठं दुखणं आलं की मिरजेच्या मिशन हॉस्पिटलची वाट धरायची, आणि उतरायचं मिरजेच्या मावशींच्या खोलीवर. ती खोली हॉस्पिटलाचाच एक वॉर्ड आहे असं आत्या म्हणायची. पेशंटला मऊ भात, सोबतीच्या माणसाला पिठलं-भाकरी आणि रात्री अंगण झोपायला. हुबळीच्या मावशींची नोकरी गेली तेव्हा बाकीच्यांनी आपापसांत ठरवून त्यांना दरमहा मनीऑर्डर पाठवली. किती पाठवली, किती दिवस पाठवली, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. आत्यासारखी पै-पैचा हिशोब लिहिणारी बाई, पण तिच्या वहीत हा खर्च कधी सापडला नाही.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला यांना कुणी बोलवायचं नाही. शाळेत ज्यांच्या मुलींना यांनी शिकवलं त्या घरांतूनसुद्धा नाही. मग या मावश्या उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याला जमायच्या आणि आपलं आपण करायच्या. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं साग्रसंगीत. कुंकवाच्या जागी अत्तराचं बोट आणि मोगऱ्याचा गजरा. वाण म्हणून कधी सुई-दोऱ्याची डबी, कधी टाक. माझी आजी, घरातली सवाष्ण, पहिल्यांदा त्यांच्यात जाऊन बसली तेव्हा आळीत बोलणी झाली. आजी दुसऱ्या वर्षी आणखी दोघींना घेऊन गेली.

दिवाळी आली की आत्याच्या हातात भाऊबीजेचं पावतीपुस्तक यायचं. संस्थेसाठी समाजाकडे बहीण म्हणून ओवाळणी मागायची, ही हिंगण्याची पद्धत. आत्या वकिलाच्या दारात जायची तशीच मोतीचौकातल्या भाजीवालीसमोरही उभी राहायची. चार आणे दिले तरी पावती फाडायचीच. आम्हां मुलांपैकी एकाने तिच्याबरोबर जायचं, शाई वाळवायला पावतीवर फुंकर घालायची. घरोघरचा फराळ मिळायचा तो वेगळाच. कुणाची चकली खुसखुशीत आणि कुणाची मऊ, हे मला आजही पेठवार सांगता येईल.

1958 साली अण्णांना शंभर वर्षं झाली, भारतरत्न मिळालं आणि 18 एप्रिलला त्यांचं टपाल तिकीट निघालं. हयात माणसाचं स्वतंत्र भारतातलं ते पहिलं तिकीट. त्याचा आमच्या घरावर झालेला परिणाम असा, की जन्मभर पोस्टकार्डावर भागवणाऱ्या या काटकसरी बायका एकदम पाकिटं पाठवायला लागल्या. कारण अण्णांचं तिकीट कार्डाला जास्तीचं व्हायचं. मजकूर कार्डापुरताच, पण पाकीट. 1962 च्या नोव्हेंबरात अण्णा गेले तेव्हा आत्याने शाळेला सुट्टी असूनही शाळेत जाऊन वर्ग झाडून काढले, असं आई सांगते.

अण्णा, बाया कर्वे (म्हणजे त्याच गोदूबाई), पार्वतीबाई यांची नावं पुस्तकांत आहेत आणि ती असायलाच हवीत. पण मिरज, हुबळी, सातारा, वाई इथल्या मुलींपर्यंत हिंगणं पोचलं ते अशा मास्तरणींच्या बेताच्या पगारातून आणि त्यांच्या चुलीवरून. यांतल्या प्रत्येकीने खोलीवर कुणी ना कुणी मुलगी शिकायला ठेवली होती. आत्याकडे वाईजवळच्या खेड्यातली एक होती, सावत्र आईच्या घरातून आलेली. आत्याने तिला शिकवलं, नर्सिंगला घातलं, आणि आपल्या पाटल्या मोडून तिची फी भरली. त्या पाटल्यांवर घरातल्या एक-दोघांचा डोळा होता, त्यामुळे पुष्कळ कुरकुर झाली. आत्या एवढंच म्हणाली, ‘मी आले तेव्हा माझे पैसे कुणी भरले होते, ते मला विचारा.’ विचारायला कुणी धजलं नाही.

ती मुलगी आता स्वतः आजी आहे. मी तिला ताई म्हणते. दर दिवाळीला ती पावतीपुस्तक घेऊन आमच्याकडे येते, आधी फराळाचं ताट संपवते, मग गेल्या वर्षीची पावती पर्समधून काढून समोर ठेवते. गेल्या सालापेक्षा रुपयाने का होईना, जास्तच घ्यायचं, हा तिचा नियम. तो तिला आत्याने घालून दिला आहे, त्यामुळे आमचं कुणाचंही काही चालत नाही.