भाकरीचे धान्य : शिरूर आणि दौंड

देशात कोणते धान्य किती पिकले याचे आकडे सरकार दरसाल प्रसिद्ध करते. वाचायला ते रुक्ष वाटतात खरे, पण एखाद्या पिकाची सबंध कहाणी त्यांत दडलेली असते. जवाचेच पाहा ना. १९५०-५१ साली भारतात सुमारे ३१ लाख हेक्टर जमिनीत जव होता. शतक संपता संपता हे क्षेत्र आठ लाखांच्या आसपास येऊन ठेपले. उत्तरेत गव्हाला पाणी मिळाले आणि कोरडवाहू जव मागे हटला. आपल्याकडे जव थोडाच. सातूचे पीठ म्हणून आपण जे दुधागुळात कालवून खातो, तेसुद्धा बहुधा गहू नि डाळ्यांचेच असते! परंतु जवाची जी गत तिकडे झाली तशीच काहीशी इकडे बाजरी-ज्वारीची झाली, आणि शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत ती फार स्पष्ट दिसते.

या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. सह्याद्री ओलांडून ढग इथवर येतात तेव्हा ते जवळजवळ रिकामे झालेले असतात. वर्षाकाठी वीस इंचांच्या आतबाहेर पाऊस. म्हणून वाटणीही ठरून गेलेली. हलक्या, मुरमाड रानात मृग-आर्द्रात बाजरी, तिच्यात तुरीचे नाहीतर मटकी-हुलग्याचे पाटे; काळ्या रानात हस्ताच्या सुमारास रब्बी ज्वारी. एक पाऊस चुकला तरी दुसरा हात देईल, असा हा हिशेब होता. दोन्ही चुकले की दुष्काळ.

आता, किती पिकत होते? इथे जरा थांबले पाहिजे. इंग्रजी अमलात पिकाचा अंदाज आणेवारीने होई. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. पीक चार आण्यांच्या खाली गेले तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, असा मुंबई इलाख्यातला नियम. त्यामुळे शेतकऱ्याला पीक तीन आणे दिसे, तर कचेरीला पाच! १९१८ चा खेड्याचा सत्याग्रह याच वादातून उभा राहिला. तेव्हा जुन्या काळातले उत्पादनाचे आकडे हे अर्धे पिकाचे आणि अर्धे साऱ्याचे आकडे आहेत, असेच मी समजतो. नमुन्याचे शेत चिठ्ठीने निवडून, ठरावीक तुकडा कापून, प्रत्यक्ष धान्य तोलायची शास्त्रीय रीत रुळली ती १९४० नंतर. ती घालून देणाऱ्यांत सुखात्मे आणि पानसे हे दोघे संख्याशास्त्रज्ञ प्रमुख. पैकी सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे.

आकडे बाजूला ठेवले तरी प्रवाह कळतोच. दौंडचा मुलूख तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडे. १२ मे १८७५ रोजी त्याच तालुक्यातल्या सुपे गावच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा उसळला, आणि तो शिरूर तालुक्यातही पसरला. लोकांचा रोख होता कर्जरोख्यांवर; मिळतील ते कागद जाळले. सारा रोख भरायचा आणि पीक मात्र पावसाच्या लहरीवर, अशी ती कोंडी होती. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. मग दख्खनच्या कोरड्या रानात कालवे नेऊन धान्य वाचवायचे, या विचाराला जोर चढला. खडकवासल्याचे धरण याच दशकातले. त्याचा उजवा कालवा दौंडच्या रानात, पाटसच्या बाजूस उतरला.

आणि इथेच सगळे उलटे झाले. कालवा ज्वारीसाठी, पण ज्वारीवाला पाणीपट्टी भरून पाणी घेईना. का घ्यावे? काळ्या रानाला हस्ताचा पाऊस लागला तर ज्वारी नुसत्या ओलीवर येते. पाणी हवे ते वाईट सालात, आणि तेव्हा सगळ्यांनाच एकदम हवे. चांगल्या सालात कालवा भरलेला आणि तिजोरी रिकामी! शेवटी सरकारला बारमाही गिऱ्हाईक लागले, ते मिळाले उसाच्या रूपाने. यवत-केडगावच्या बाजूला गुऱ्हाळे धुराळू लागली. ज्वारीला पोटरीत एखादी पाळी मिळाली तरी ती हसते. उसाला वर्षभरात पंचवीस-तीस पाळ्या लागतात. म्हणजे जे पाणी अनेक एकर ज्वारी राखू शकले असते, ते एका एकर उसात मुरले. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. गुळाला रोख पैसा होता, ज्वारीला नव्हता.

शिरूरला पाणी उशिरा पोचले. चिंचणीचे घोड धरण १९६० नंतरच्या दशकातले. चासकमानचे पाणी यायला तर शतक सरत आले. तोवर बाजरीचेच राज्य. १९६५ साली लुधियान्याची एचबी-१ ही संकरित बाजरी आली. दाणा दुप्पट येतो म्हणून लोक हरखले. पण पाचसहा वर्षांत गोसावी रोग असा पसरला की कणसाच्या जागी नुसता पानांचा झुबका. त्यावर १९७२ चा दुष्काळ. खडी फोडणाऱ्या माणसांनी अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो खाल्ला, तो त्या पिढीच्या तोंडून अजून ऐकायला मिळतो. पुढे पाटसला भीमा, न्हावऱ्याला घोडगंगा असे सहकारी कारखाने उभे राहिले, आणि पाटाखालच्या रानातून बाजरी उठली ती उठलीच.

ताटातूनही ती निघाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने द्यायची सोय होती, पण दुकानात आले ते मुख्यतः गहू नि तांदूळ. त्याचा परिणाम बाजारात दिसतो : गरिबाचे म्हणवणारे धान्य अलीकडे कित्येकदा गव्हापेक्षा महाग विकते.

रब्बी ज्वारी मात्र पुरती गेली नाही, आणि तिला राखले ते माणसाने नव्हे, जनावराने. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी जात स्वातंत्र्यापूर्वीची. तिच्यानंतर कितीतरी वाणे आली. पण मालदांडीचे धाट उंच, कडबा गोड, नि गाईम्हशी तो आवडीने खातात. दुधाचा धंदा असलेला शेतकरी आधी पेंढ्या मोजतो, मग पोती. पाबळकडच्या कोरड्या रानात, जिथे पाट पोचला नाही किंवा पोचून पुरला नाही, तिथे हस्ताच्या पावसानंतर पाभर अजून चालते. आणि मार्च महिन्यात कडब्याचा भाव चढला की दाणे घरी ठेवून कडबाच आधी विकला जातो.