मुदत संपलेला दारूगोळा: बुकित तिमाह ते पुलगाव

26 सप्टेंबर 2023 ही तारीख आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अप्पर बुकित तिमाह रोडजवळच्या एका बांधकामावर दुसऱ्या महायुद्धातला 100 किलोचा बॉम्ब सापडला होता. तो हलवणं धोक्याचं म्हणून सैन्याच्या पथकानं जागेवरच त्याचा स्फोट घडवला. त्याआधी दोनशे मीटरच्या परिसरातले चार हजारांहून अधिक लोक घराबाहेर काढले, रस्ते बंद केले. संध्याकाळी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, एवढ्या जुन्या बॉम्बला कुणी इतकं घाबरतं का?"

प्रश्न बरोबर होता, कारण आपली समजूत अशी की जुनी वस्तू थकते. दारूगोळ्याचं उलटं आहे. तोफगोळ्यातलं प्रक्षेपक द्रव्य हळूहळू विघटित होत असतं. ते आवरून धरायला त्यात स्थिरक मिसळतात. वर्षानुवर्षांत, विशेषतः उष्णतेत, हा स्थिरक संपत जातो. फ्यूज गंजतो. काही वेळा स्फोटक बाहेर पाझरतं. म्हणून प्रत्येक गोळ्याला मुदत असते आणि ती संपली की तो नष्ट करावा लागतो.

आम्ही राहतो त्या क्वीन्सटाउनच्या अंगालाही हा इतिहास चिकटलेला आहे. फेब्रुवारी 1942 मध्ये जपानी फौज पासिर पांजांगच्या टेकड्यांवरून पुढं सरकली, तेव्हा अलेक्झांड्रा भागात ब्रिटिशांची दारूगोळ्याची कोठारं होती आणि लष्करी रुग्णालयही. ते रुग्णालय आजही आहे. आमच्या मुलांना ताप आला की तिथंच जातो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव मुंबई-नागपूर रेल्वेनं जाणाऱ्यांना ठाऊक असतं. तिथलं लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आशियातल्या मोठ्या भांडारांपैकी एक. 31 मे 2016 च्या पहाटे तिथं आग लागून किमान 16 जणांचा जीव गेला. त्यात आग विझवायला धावलेले लोकही होते. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरत होतं, असं चौकशीतून पुढं आल्याच्या बातम्या नंतर आल्या. वापरायचा नाही आणि नष्टही झालेला नाही, असा माल कोठारात पडून राहिला तर काय होतं, ते त्या रात्री दिसलं.

मग उपाय एकच, वेळेवर विल्हेवाट. त्याची नेहमीची पद्धत अशी: मोकळ्या मैदानात खड्डे खणायचे, माल रचायचा, वर चांगली स्फोटकं ठेवायची, मातीनं झाकायचं आणि लांबून उडवायचं. यात सर्वांत जिवावरचं काम बटण दाबण्याचं नाही, तर पेट्या उतरवण्याचं. 20 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी पुलगावजवळ सोनेगावच्या मैदानात नेमकं हेच चाललं होतं. जबलपूरजवळच्या खमरिया आयुध कारखान्याचा जुना माल उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यात त्या कारखान्याचा एक कर्मचारी होता, बाकीच्यांत आसपासच्या गावांतले मजूर.

ही दोन दृश्यं मी शेजारी ठेवतो, पण सिंगापूर शहाणं आणि आपण वेडे, असं म्हणत नाही. एक बॉम्ब आणि टनावारी साठा यांची तुलना होत नाही. प्रश्न वेगळा आहे. इथं चार हजार लोकांना लांब नेलं आणि बॉम्बजवळ प्रशिक्षित सैनिक गेले. तिथं पेट्या उचलायला रोजंदारीवरचे मजूर होते.

माझा धंदा संगणक प्रणालींचा. नवी प्रणाली उभारायला बजेट असतं, उद्घाटन असतं, फोटो असतात. जुनी बंद करायची वेळ आली की पैसाही नसतो आणि नाव घ्यायला माणूसही नसतो. तिथं चूक झाली तर फार तर आकडे हरवतात. सोनेगावात घरातला कर्ता माणूस हरवला.

मुलीला मी एवढंच सांगितलं: बॉम्ब जुना झाला म्हणून घाबरायचं नाही असं नाही, जुना झाला म्हणूनच घाबरायचं. आणि दारूगोळा विकत घेतानाच, शेवटी तो उचलणार कोण आणि त्याची काळजी घेणार कोण, हे ठरवून ठेवायचं.